शेतात सापडलेले अनोळखी नाणे कसे ओळखावे: नागपूर परिसरातील शोधकांसाठी टप्पेवार पद्धत

मातीतून निघालेले नाणे ओळखताना बहुतेकांचा क्रम उलटा होतो. नाणे आधी घासले जाते, मग त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवून किंमत विचारली जाते, त्यानंतर त्यावरचे एखादे अक्षर लावण्याची खटपट होते, आणि वजन करण्याची आठवण झालीच तर ती सर्वांत शेवटी होते. वास्तविक वजन, व्यास आणि धातू या तीन गोष्टी आधी ठरल्या, तर एकही अक्षर न वाचता नाण्याचा गट पुष्कळदा हाती येतो. अक्षरांपासून सुरुवात केली, की झिजलेल्या पृष्ठावर डोळ्यांना हवे ते दिसू लागते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि मधल्या तपासण्या पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## १. घराबाहेर पडण्यापूर्वी

जमीन कोणाची आहे हे सातबाऱ्यावर पाहून मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि काही सापडल्यास काय करायचे, हेही त्यातच नमूद करावे. कसणारा एक आणि मालक दुसरा असेल, तर दोघांचीही संमती असावी. मनसर, नगरधन, अडम, जुनापाणी, पवनी यांसारख्या पुरातत्त्वीय स्थळांवर धातूशोधक यंत्र (मेटल डिटेक्टर) नेऊच नये. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचा विनियमित पट्टा असतो. त्या पट्ट्यापासूनही दूर राहावे. वनजमिनीलाही तोच नियम लावावा. रिठी (उजाड) गावाची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, ओस पडलेली दिसली, तरी ती कोणाचीच नाही असे समजू नये. उलट जुन्या वस्तीचा पुरावा तिथेच सर्वाधिक असतो आणि हौशी खड्ड्यांमुळे तो कायमचा नष्ट होतो.

सोबतच्या पिशवीत लहान खुरपे, झिप असलेल्या छोट्या पिशव्या, पेन्सिल, वही आणि मोजपट्टी असावी. घरी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सराफी काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि साधा लोहचुंबक असला, की पुरते. काट्यावर कंजुषी करू नये, कारण पुढची निम्मी ओळख त्याच्यावर अवलंबून आहे.

## २. नाणे जमिनीतून काढताना

यंत्राने दाखवलेल्या जागेवर सरळ खुरपे मारू नये. बाजूने, किमान चार बोटे अंतर सोडून, ढेकळाचा पूर्ण तुकडा उचलावा आणि तो हाताने फोडावा. नाण्यावर पडलेला ताजा, चमकदार ओरखडा म्हणजे बहुतेक वेळा शोधणाऱ्याच्याच खुरप्याची खूण असते. आपल्या काळ्या मातीत ओल असताना ढेकूळ चिकट असते आणि सुकल्यावर दगडासारखे कडक होते. अशा वेळी नाणे मातीतून उपटण्याऐवजी भोवतालच्या मातीसह पिशवीत घालावे.

जागेवरच पुढील नोंद करावी: दिनांक, गाव व गट क्रमांक, मोबाईलवरील अक्षांश-रेखांश, खोली, मातीचा रंग आणि आसपास सापडलेल्या इतर वस्तू, म्हणजे खापरे, विटांचे तुकडे, मणी, लोखंडी खिळे. बांगडीची काच आणि प्लॅस्टिक ज्या थरात आहे, त्या थरातले नाणे आणि फक्त जाड खापरे असलेल्या थरातले नाणे यांचा अर्थ वेगळा असतो.

शेतकऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा: या शेतात बाहेरची माती पडली आहे का? तलावाचा गाळ, गावठाणाजवळची पांढरी माती किंवा उकिरड्यावरचे खत शेतात पसरलेले असेल, तर नाणे मुळात त्या जागेचे नसते. हा प्रश्न न विचारल्यामुळे एखाद्या गावाचा प्राचीनपणा ‘सिद्ध’ करणारे दावे केले जातात, आणि नंतर नाणे शेजारच्या तलावातून ट्रॅक्टरने आलेले निघते.

सावधान: एकाच खड्ड्यात दुसरे नाणे दिसले, किंवा गाडगे, लोटा, डबी यांचा काठ लागला, तर त्याच क्षणी हात थांबवावा. ती सुटी पडलेली नाणी नसून पुरलेला साठा असण्याची शक्यता मोठी असते. नाण्यांचा मांडणीक्रम, भांडे, भांड्यात कुजलेले कापड, हे सगळे एकत्र राहिले तरच साठ्याचा काळ ठरवता येतो. फोटो काढावा, माती परत वर ओढावी, मालकाला थांबवून तहसीलदार किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे.

## ३. कळवण्याची बाब ओळख पटेपर्यंत लांबवू नये

‘आधी काय आहे ते कळू द्या, मग सांगू’ ही सर्रास होणारी चूक आहे. भारतीय निखात निधी (पुरलेला ठेवा) अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली आणि दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी लागते. सूचनेत वस्तूचे स्वरूप व अंदाजे मूल्य, सापडल्याची जागा आणि दिनांक एवढे असले पाहिजे. त्याचबरोबर वस्तू शासकीय कोषागारात जमा करणे किंवा मागितली तेव्हा हजर करण्याची हमी देणे हेही त्याच कायद्यात आहे. चांदीचे कोणतेही जुने नाणे ही दहा रुपयांची मर्यादा सहज ओलांडते. सूचना न दिल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि शोधणाऱ्याचा हिस्साही जातो.

हिस्सा हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकाने दावा केला, तर दोघांत वेगळा करार झालेला नसल्यास शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश व मालकाला एक चतुर्थांश अशी वाटणी कायद्यात सांगितली आहे. शासनाने निधी स्वतःकडे घ्यायचे ठरवल्यास धातूचे मूल्य अधिक त्याचा एक पंचमांश एवढी रक्कम देण्याची तरतूद आहे. म्हणजे कळवणारा रिकाम्या हाताने परततो, ही समजूत चुकीची आहे.

नाणे जमा करावे लागणार असल्यामुळे वजन, मापे आणि फोटो त्याच दिवशी उरकावेत. पुढचे वाचन त्यांच्या आधारे घरी बसून करता येते आणि सूचनेतील वर्णनही नेमके होते.

## ४. घरी आल्यावर: घासणे नाही

चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी आणि ॲसिड यांपैकी काहीही वापरू नये. तांब्याच्या नाण्यावर शतकानुशतके जमलेला गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हा मळ नव्हे. अक्षरांचे उरलेसुरले उठाव पुष्कळदा त्या थरातच टिकून असतात. थर गेला की अक्षरही जाते. बॅटरी व मिठाच्या पाण्याने थर उतरवण्याचे प्रयोग इंटरनेटवर दिसतात, तेही टाळावेत.

एवढेच करावे: नाणे सावलीत सुकू द्यावे, सुटलेली माती मऊ ब्रशने झटकावी आणि अक्षरांच्या खाचेत अडकलेली माती बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, अलगद काढावी. घट्ट धातूचे चांदीचे किंवा तांब्याचे नाणे असेल, तर ते डिस्टिल्ड पाण्यात काही तास ठेवून पाणी बदलावे आणि पुसून पूर्ण सुकवावे. नळाचे पाणी नको. पापुद्रे सुटत असलेले, ठिसूळ झालेले, शिशाचे किंवा मिश्र धातूचे नाणे पाण्यात घालूच नये. जुनी चांदी करडी-जांभळट आणि ठिसूळ झालेली असते. ती बोटांनी वाकवून पाहण्याचा मोह आवरावा. चुनखडीचे पांढरे कवच चढलेले असेल, तर ते काढण्याचे काम संवर्धकावर सोडावे.

तपासून पाहा: तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुरभुरीत पूड आहे का? ती ब्रशने काढल्यावर काही दिवसांत पुन्हा येते का? येत असेल तर धातूत क्षाराची क्रिया चालू आहे. असे नाणे इतरांपासून वेगळे काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे. पावसाळ्यात ही क्रिया झपाट्याने वाढते.

## ५. वजन, व्यास, काठ

काट्यावर नाणे तीन वेळा ठेवून तिन्ही आकडे लिहावेत. व्यास किमान दोन दिशांनी मोजावा, कारण हाताने ठोकलेले नाणे क्वचितच पूर्ण गोल असते. जाडी मोजताना कॅलिपर घट्ट आवळू नये. काठ भिंगाखाली फिरवून पाहावा: तो गुळगुळीत आहे, उभ्या दात्यांचा आहे, छिन्नीने कापलेला आहे की मध्यावर ओतकामाची रेघ आहे, हे लिहावे.

आता आकड्यांकडे पाहावे. ईस्ट इंडिया कंपनी व ब्रिटिश काळातील चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, अधेली (अर्धा रुपया) ५.८३, पावली (पाव रुपया) २.९२ आणि दोन आण्याचे नाणे १.४६ ग्रॅमचे असते. तांब्याचा पाव आणा सुमारे ६.४८ ग्रॅम आणि अर्धा आणा सुमारे १२.९५ ग्रॅम भरतो. १९०६ पासून पाव आणा कांस्याचा आणि ४.८६ ग्रॅमचा झाला. मोगल रुपया साधारण ११ ते ११.५ ग्रॅम आणि तांब्याचा दाम २० ग्रॅमच्या आसपास असतो. चांदीची आहत नाणी सव्वातीन ग्रॅमच्या जवळ, पश्चिमी क्षत्रपांची चांदीची नाणी दोन ते अडीच ग्रॅमच्या दरम्यान, गधैया नाणी चार ग्रॅमच्या आगेमागे भरतात. शिवराई बहुधा आठ ते दहा ग्रॅमची असते, पण तिच्यात फरक बराच असतो. (आहत ते शिवराई या नाण्यांच्या खुणा आठव्या टप्प्यात दिल्या आहेत.)

या आकड्यांचा उपयोग एकाच दिशेने करायचा असतो. झीज आणि गंज यांमुळे नाणे प्रमाणापेक्षा हलके होणे स्वाभाविक आहे. स्वच्छ दिसणारे नाणे प्रमाणापेक्षा जड असणे मात्र संशयास्पद आहे. दिसायला कोरा करकरीत असलेला रुपया दहा ग्रॅमच्या खाली भरला, तरीही तो बनावट असण्याचीच शक्यता अधिक.

## ६. धातू ठरवणे

रंगावर विश्वास ठेवू नये. जमिनीत तांबे काळे पडते, चांदी हिरवी दिसते (तिच्यातले तांबे बाहेर येते म्हणून) आणि शिसे पांढरट होते. कसोटीच्या दगडावर घासणे किंवा ॲसिडचा थेंब टाकणे हे इतवारीच्या सराफ्यात दागिन्यांसाठी ठीक असले, तरी नाण्यासाठी ते नुकसानच आहे. सराफाला तसे करू नका, असे आधीच सांगावे.

प्रथम लोहचुंबक लावावा. १९४६-४७ च्या निकेलच्या नाण्यांचा अपवाद सोडला, तर चुंबकाला चिकटणारे ‘जुने’ नाणे बहुधा पोलादाचे आधुनिक नाणे किंवा नक्कल असते. येथेच एक इशारा द्यावासा वाटतो. ‘तांदूळ ओढणारे नाणे’ म्हणून लाखोंचा सौदा करणाऱ्या टोळ्या फिरत असतात. असे कोणतेही नाणे कोणत्याही राजाने पाडलेले नाही.

त्यानंतर घनता काढावी. ही चाचणी घरी सहज होते आणि नाण्याला इजा करत नाही. मात्र वर सांगितलेली ठिसूळ, पापुद्रे सुटलेली व शिशाची नाणी तिच्यातून वगळावीत.

१. नाण्याचे कोरडे वजन लिहावे.
२. काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा छोटा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणावा.
३. बारीक धाग्याने नाणे पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला व कडेला टेकणार नाही, असे धरावे.
४. काट्यावर येणारा आकडा लिहावा आणि कोरड्या वजनाला त्याने भागावे.

उत्तर म्हणजे घनता. शुद्ध चांदी १०.५, रुपयाची ९१.७ टक्के चांदी सुमारे १०.३, तांबे ८.९, पितळ साडेआठच्या आसपास, शिसे ११.३ आणि शुद्ध सोने १९.३. म्हणजे ११.६६ ग्रॅमचा खरा रुपया पाण्यात सुमारे १.१३ दाखवेल; १९४० पासूनच्या अर्ध्या चांदीच्या रुपयाची घनता साडेनऊच्या जवळ येईल. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे ब्रशने काढले नाहीत, तर उत्तर हमखास कमी येते. दोन ग्रॅमच्या नाण्यात काट्याची ०.०१ ग्रॅमची चूकही उत्तर चार-पाच टक्क्यांनी हलवते, त्यामुळे लहान नाण्यांबाबत या चाचणीवरून फक्त ढोबळ निष्कर्ष काढावा.

## ७. फोटो आणि प्रकाश

नाणे समोरून फ्लॅश मारून टिपले, तर झिजलेली अक्षरे सपाट होऊन नाहीशी होतात. खोलीत अंधार करून एकच दिवा नाण्याच्या डावीकडे वरच्या बाजूस, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरावा. तिरप्या प्रकाशात उठावांची सावली पडते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसलेला अर्धा शब्द उमटतो. दिवा खालून धरल्यास उठाव खोलगट भासतो आणि वाचन फसते. प्रत्येक बाजूचे चार दिशांच्या प्रकाशातले चार फोटो काढावेत, मोजपट्टी चौकटीत ठेवावी, आणि काठाचाही एक फोटो घ्यावा. रंग गडद करणारे फिल्टर वापरू नयेत.

तपासून पाहा: फोटो उलटा तर नाही ना? नाणे पूर्ण वर्तुळात फिरवून पाहिल्याशिवाय ‘ही बाजू वरची’ असे ठरवू नये. फारसी लेख तर पुष्कळदा खालच्या ओळीपासून वर वाचावा लागतो.

## ८. गट ठरवणे

हा सगळ्यात वेळ खाणारा टप्पा आहे. विदर्भात जे मिळण्याची शक्यता अधिक, त्यापासून आरंभ करावा आणि दुर्मीळ शक्यतांकडे शेवटी वळावे. बहुतेक लोक नेमके उलट करतात आणि पाव आण्यात सातवाहन शोधतात.

यंत्राने पाडलेली नाणी. पूर्ण गोल चकती, एकसारखी कड, दोन्ही बाजू नीट बसलेल्या. येथे रोमन अक्षरे किंवा राजा-राणीचा मुखवटा दिसतो. १८३५ चा चौथ्या विल्यमचा रुपया, १८४० ची राणी व्हिक्टोरिया, १८७७ पासून सम्राज्ञी ही उपाधी असलेली व्हिक्टोरिया, १९०३ पासून सातवा एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज आणि १९३८ पासून सहावा जॉर्ज, हा क्रम लक्षात ठेवल्यास मुखवट्यावरूनच दशक कळते. मध्ये भोक असलेला कांस्याचा पैसा १९४३ ते १९४७ चा. १९११ च्या रुपयावरील झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि तो नमुना बदलावा लागला. म्हणून त्या वर्षाचा रुपया हाती आल्यास सोंड भिंगाने पाहावी. चारमिनार दिसला, तर नाणे हैदराबाद संस्थानचे. कमानीतले फारसी अक्षर मीम असेल तर ते मीर महबूब अलींचे, ऐन असेल तर मीर उस्मान अलींचे. वऱ्हाडाचा निजामाशी असलेला जुना संबंध पाहता ही नाणी आपल्याकडे निघणे मुळीच नवलाचे नाही.

हाताने ठोकलेली, देवनागरी लेखाची. तांब्याची जाडसर, वेडीवाकडी चकती, ठिपक्यांच्या वर्तुळात एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, म्हणजे शिवराई. चकती ठशापेक्षा लहान असल्यामुळे पूर्ण लेख क्वचित दिसतो. ‘राजा’ किंवा ‘पति’ एवढेच उरले तरी ओळख पटते. मात्र शिवराई दिसली म्हणजे ती शिवछत्रपतींच्या हयातीतली, असा निष्कर्ष काढू नये. हाच लेख असलेली नाणी त्यांच्यानंतरही एकोणिसाव्या शतकापर्यंत निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिली. ‘शीव’, ‘सीव’ असे लेखनभेद, दोन ओळींमधल्या आडव्या रेघा आणि चंद्र, सूर्य, बेल अशी चिन्हे पाहून तिचा उपप्रकार ठरतो, म्हणून ती चिन्हे वेगळी रेखाटून घ्यावीत.

हाताने ठोकलेली, फारसी लेखाची. येथे सर्वाधिक घोळ होतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलातली नाणीही मोगल बादशहाच्या नावानेच पडत, त्यामुळे ‘शाह आलम’ हे नाव वाचता आले म्हणजे नाणे दिल्लीचे ठरत नाही. नाव केवळ कोणाच्या नावे पाडले ते सांगते. कोठे पाडले हे ‘जर्ब’ (पाडले) या शब्दाजवळच्या टांकसाळीच्या नावावरून आणि छोट्या चिन्हांवरून, म्हणजे त्रिशूळ, अंकुश, फूल, तारा, ठिपक्यांचे झुबके यांवरून कळते. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही वऱ्हाडातली टांकसाळ; तांब्याच्या नाण्यावर ते नाव सापडते का, हे आधी पाहावे.

प्राचीन नाणी. लहान, जाड, काळपट-हिरवी, एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूस अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे असे ‘उज्जैन चिन्ह’ असेल, तर सातवाहनांची पॉटिन नाणी आठवावीत. पॉटिन म्हणजे तांबे, कथील व शिसे यांचा मिश्र धातू. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली अशा नाण्यांचा मोठा साठा मिळाला होता. चांदीच्या चौकोनी किंवा कोपरे कापलेल्या पत्र्यावर अक्षरे नसून सूर्य, डोंगर, प्राणी असे सुटे शिक्के एकमेकांवर चढलेले दिसले, तर ते आहत नाणे. चांदीचे बोटाच्या नखाएवढे नाणे, एका बाजूस मुखवटा, दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा डोंगर, असे असेल तर ते पश्चिमी क्षत्रपांचे. मुखवट्याच्या मागे ब्राह्मी अंकांत शक वर्ष असू शकते. जाड चांदीच्या किंवा हिणकस चांदीच्या तुकड्यावर नुसते ठिपके आणि ओरखडे भासले, तर ते टाकून देऊ नये. गधैया नाण्यांवरचा इराणी धर्तीचा मुखवटा व अग्निकुंड इतके बिघडत गेले, की सरावाशिवाय ते ओळखूच येत नाहीत.

## ९. लेख आणि वर्ष वाचणे

फारसी अंक डावीकडून उजवीकडेच वाचतात. सात हा व्ही या रोमन अक्षरासारखा आणि आठ नेमका त्याच्या उलट असतो, म्हणून नाणे उलटे धरल्यास सातचे आठ होतात. पाच हा गोल दिसतो आणि शून्य हा नुसता ठिपका असतो; पाचाला शून्य समजणे ही नेहमीची गफलत आहे.

हिजरी वर्षाचे इसवी सनात रूपांतर करताना वर्षाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. उदाहरणार्थ ११९० × ०.९७ = ११५४.३, अधिक ६२२, म्हणजे इ. स. १७७६. शक वर्षात ७८ मिळवावेत, विक्रम संवतातून ५७ वजा करावेत, फसली (महसुली) वर्षात ५९० मिळवावेत.

तपासून पाहा: हिजरी वर्ष आणि जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष, दोन्ही वाचता येत असतील तर ती एकमेकांशी जुळतात का? दुसऱ्या शाह आलमचे राज्यारोहण हिजरी ११७३ चे. तेव्हा ११९० च्या नाण्यावर १७ किंवा १८ जुलूस हवे. ते जुळत नसेल, तर एकतर एक अंक चुकीचा वाचला आहे किंवा वर्ष गोठवलेले आहे.

गोठवलेले वर्ष हा प्रकार पुष्कळांना ठाऊक नसतो. मुर्शिदाबादचे नाव आणि १९ जुलूस असलेला रुपया कंपनीने कलकत्त्यात कित्येक वर्षे पाडला; त्यावरील वर्षावरून तो १७७७-७८ चा ठरत नाही. १८६२ असे लिहिलेला राणीचा रुपया १८७४ पर्यंत पडत होता आणि त्याचे खरे वर्ष ठिपक्यांच्या मांडणीवरून लावतात. म्हणून वहीत ‘नाण्यावरील वर्ष’ आणि ‘पाडल्याचे वर्ष’ असे दोन रकाने ठेवावेत.

ब्राह्मी लेख कडेने गोल फिरतो. अधिक चिन्हासारखा ‘क’, उभ्या रेघेसारखा ‘र’ आणि वर्तुळासारखा ‘ठ’ एवढे ओळखता आले, की लेखाची दिशा लागते. सातवाहन नाण्यांचा लेख ‘रञो सिरि’ अशा शब्दांनी सुरू होतो. दिसलेली अक्षरे जशीच्या तशी काढावीत आणि न दिसलेल्या जागी ठिपके द्यावेत. अंदाजाने भरलेले अक्षर वेगळ्या शाईत लिहावे, नाहीतर दोन आठवड्यांनी आपल्यालाच तो अंदाज वाचन वाटू लागतो.

## १०. हे नाणेच आहे का, आणि खरे आहे का

मागे कडी किंवा तिचा तुटलेला डाग (धातूचा जोड) असेल, तर ते लष्करी बटण असू शकते. कामठीसारख्या छावणीच्या परिसरात हे ध्यानात ठेवावे. आकडा आणि भोक असलेला पितळी गोल तुकडा बहुधा गिरणी, खाण किंवा कारखान्यातला हजेरीचा बिल्ला असतो. पातळ सोनेरी पत्र्यावरची देवीसारखी उभी आकृती पुतळीच्या माळेतली असेल. खऱ्या नाण्यालाही कडी लावून गळ्यात घालत, म्हणून काठावर डाग दिसल्यास वजनातला फरक त्या दृष्टीने तपासावा.

कंपनीचे नाव, १६१६, १७१७, १८१८ किंवा १८३९ असे वर्ष आणि राम दरबार, हनुमान वा अन्य देवता असे एकत्र असलेले तांब्या-पितळेचे तुकडे कंपनीची नाणी नव्हेत. ते जत्रा-बाजारात विकण्यासाठी तयार केलेले असतात आणि तिथूनच हरवून मातीत जातात. जमिनीत सापडले म्हणजे जुने, हा तर्क येथे साफ चुकतो.

ओतीव नक्कल ओळखण्यासाठी काठावरची रेघ, पृष्ठावरचे बारीक बुडबुडे आणि साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, धार नसलेली अक्षरे पाहावीत. मात्र प्राचीन नाण्यांपैकी काही मुळातच ओतून तयार केलेली होती, त्यामुळे हा निकष फक्त ठोकलेल्या गटांना लावावा.

## ११. जुळवणी आणि तज्ज्ञाकडे जाणे

जुळवणी करताना चित्र सारखे दिसणे पुरेसे नसते. वजन, व्यास, धातू आणि दोन्ही बाजू या पाचही गोष्टी जुळल्या पाहिजेत. चार जुळून पाचवी जुळत नसेल, तर ती ‘जवळजवळ ओळख’ नव्हे. वेगळा प्रकार किंवा नक्कल समजून पुन्हा पाचव्या टप्प्यावर जावे. लिलावातले आकडे पाहून ओळख ठरवणे तर टाळावेच, कारण महाग प्रकाराकडे मन आपोआप झुकते.

प्रत्यक्ष नमुने पाहायचे असतील, तर सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला १८६३ पासूनचा अजब बंगला, येथे नाणेसंग्रह आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था हेही योग्य दरवाजे आहेत. जाताना नोंदवही, मापे, फोटो आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची पोच सोबत न्यावी. ‘हे काय आहे?’ असे विचारण्यापेक्षा ‘वजन इतके, धातू हा, ही तीन अक्षरे दिसतात, टांकसाळ लागत नाही’ असे विचारले, तर पाच मिनिटांत काम होते.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली पुराणवस्तू ठरते. त्याची खाजगी निर्यात करता येत नाही, त्यामुळे परदेशी ग्राहकाला किंवा परदेशी प्रमाणपत्रासाठी कुरिअरने ते पाठवू नये. पुराणवस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, हेही विकत घ्यायला आलेल्याला विचारावे.

नाणे आपल्याजवळ राहिल्यास ते मऊ पीव्हीसीच्या पाकिटात न ठेवता कागदी पाकिटात ठेवावे, शिशाचे नाणे लाकडी कपाटात ठेवू नये, आणि पाकिटावर नोंदवहीतला क्रमांक पेन्सिलने लिहावा. चिकटपट्टी किंवा शाई नाण्याला लागू देऊ नये. ते तज्ज्ञाकडे किंवा कार्यालयात ठेवून यावे लागले, तर वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे फोटो असलेली सहीची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये.